दाजी आणि रोजकीर्द

"ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?"

संगणकाने विचारलं मला, उत्तर दिलं दाजींनी. "हो म्हण की. एवढं नम्रपणे विचारतोय बिचारा."

त्या डिस्कवर तोवर झालेली दोन तास चाळीस मिनिटांची तालीम होती. आठ माइक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. म्हणजे अकरा जीबी. संगणकाच्या मते मात्र तिथे काहीच नव्हतं. आणि असं का झालं होतं, तर दाजींचा फोन ९ टक्क्यांवर आला होता.

गेल्या आठवड्यातलं आधी उरकतो. तेव्हा डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फायली मांडायची पद्धत, फॅट३२ होता. त्यात एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही, हे मला बासष्टाव्या मिनिटाला कळलं. डिस्कवर ९०० जीबी मोकळे, आणि रेकॉर्डिंग बंद. हा प्रकार १९९६ चा. तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्कच सहसा एवढी नसायची, त्यामुळे कोणाला दोष द्यायचा? आठ माइकच्या आठ वेगळ्या मोनो फायली केल्या असत्या तर तीच डिस्क सव्वाआठ तास चालली असती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला सगळंच दुसऱ्या दिवशी कळतं.

म्हणून काल सकाळी नवा फॉरमॅट निवडायला बसलो. दाजी आणि ताई आदल्या रात्रीच आले होते. दाजींनी हयातभर लोकांचे हिशेब तपासले, आता निवृत्त आहेत, पण तपासणं निवृत्त झालेलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय काय पर्याय आहेत?"

"विंडोजचं एनटीएफएस आहे. १९९३ पासूनचं, भक्कम. काही लिहायच्या आधी काय करणार ते एका जर्नलमध्ये नोंदवतं. मध्येच वीज गेली तर ती नोंद बघून सावरतं."

दाजी ताठ झाले. "जर्नल? म्हणजे रोजकीर्द, रोजच्या व्यवहारांची वही! मग झालं तर. हेच घे."

"पण मिक्सिंग करणाऱ्या मित्राकडे मॅक आहे. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही."

"दुसऱ्याचं नुसतं वाचतो, स्वतः एक आकडा लिहीत नाही?" दाजींचा चेहरा उजळला. "ऑडिटर आहे तो!"

"मॅकचं स्वतःचं एचएफएस प्लस आहे. त्यातही जर्नल असतं. पण ते विंडोजला ओळखता येत नाही. डिस्क लावली की विचारतं, फॉरमॅट करू का?"

"दुसऱ्याची वही समजली नाही म्हणून फाडून टाकायची? आणि दोघांना चालणारं काही?"

"एक्सफॅट. २००६ चं. दोघेही वाचतात, दोघेही लिहितात, मोठी फाईल चालते."

"आणि कीर्द?"

"नाही."

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग हळू आवाजात, घरात कोणी आजारी असल्यासारखं, म्हणाले, "मग निदान दोन प्रती?"

फॅट३२ कुठली फाईल कुठे ठेवली त्याच्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅट सहसा एकच. हे मी सांगायला नको होतं.

"कार्बन कॉपीसुद्धा नाही? म्हणजे धंदा भागीदारीत आणि हिशेब तोंडी! अरे, अशा लोकांकडे मी पाणीसुद्धा पीत नसे."

मी एक्सफॅट केलं. दुसरं करणार काय? माझी मागणी एवढीच होती की या यंत्राने लिहावं आणि त्या यंत्राने उघडावं. वही घेताना कोणी विचारत नाही की ही कोण कोण वाचणार. इथे मात्र तीस वर्षं झाली, दोन्ही घरं आपापल्या अंगणात कुंपण घालून बसली आहेत आणि मधल्या बोळातून डिस्क घेऊन आपण पळायचं. बरं, डिस्कचं जमलं तर आवाजाची वेव्ह फाईल अडवते. तिच्या कपाळावर आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा, म्हणजे पुन्हा तेच ४ जीबी. त्याहून मोठी फाईल हवी तर आरएफ६४ नावाच्या खुणेवर टिक करायची असते. ती खूण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, अगदी खाली. केली मी टिक. सगळं केलं.

संध्याकाळी तालीम रंगात असताना दाजींनी डिस्कची वायर उपटली. संगणकाला ती एकच खाच त्यांच्या चार्जरला बसणारी होती. मी आतून धावत आलो, वायर पुन्हा लावली, तर तो नम्र प्रश्न पडद्यावर उभा राहिला.

"मी सकाळीच म्हणालो होतो," दाजी हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, "रोजकीर्द हवी."

मला सांगावंसं वाटलं की ती नोंदसुद्धा माल कुठल्या फडताळात ठेवला याचीच असते, मालाची नाही. तोंडातला शब्द तिनेही वाचवला नसता. पण ताई समोर होती. "अहो, त्याचं काही बिघडलं का?" असं तिने विचारलं, आणि मीच "नाही गं" म्हणालो.

'नको' दाबलं आणि डिस्क रात्रभर फाईल शोधून देणाऱ्या प्रोग्रामला लावून ठेवली. पहाटे एक फाईल मिळाली. नाव गेलं, तारीख गेली, शेवटचे काही सेकंद डिस्कवर पोचलेच नव्हते. बाकी सगळं शाबूत.

आत्ता हेडफोन लावून ऐकतोय. शेवटचा आलाप वर चढतोय, आणि टेबलाजवळच्या सहा नंबरच्या माइकवर, अगदी स्वच्छ, २४ बिटांत:

"हा दिवा उगाच लुकलुकतोय. कोणाचं काही चालू नाही ना इथे?"