कात्री मुलांच्याच हातात राहू द्या

आज सकाळी शेजारच्या दोन मुलांना घेऊन बाणेरला एका विज्ञान-कला कार्यशाळेला गेले होते. घरी येऊन जेवण झालं, भांडी झाली, तरी डोकं शांत होत नाहीये. म्हणून लिहितेय.

कॅलिडोस्कोप करायचा होता. पण करायचं शिल्लक काय ठेवलं होतं? आरशाच्या तीन पट्ट्या आधीच चिकटवलेल्या, नळी तयार, झाकण तयार. मुलांनी फक्त रंगीत कागदाचे तुकडे कापून आत टाकायचे. तेवढं तरी! बाजूच्या टेबलावर सात-आठ वर्षांची एक मुलगी अगदी मन लावून कापत होती. वाकडं कापत होती, पण स्वतः कापत होती. तिच्या बाबांनी घड्याळ बघितलं, "दे गं इकडे, किती वेळ लावतेस" म्हणत कात्री काढून घेतली आणि भराभर सुबक तुकडे करून दिले. मग नळी तिच्या हातात, "इकडे बघ, हस", फोटो. त्या मुलीने नळीला डोळासुद्धा लावला नाही हो.

मला माझ्या भाचीची आठवण झाली. ती चौथी-पाचवीत असताना आम्ही तिला विज्ञान दिनाला एका संस्थेत नेलं होतं. तिथे बुटांच्या खोक्यातून पिनहोल कॅमेरा करत होते. एका बाजूला टाचणीने भोक, समोरच्या बाजूला बटर पेपर, डोक्यावरून काळं कापड. तिला पडद्यावर समोरचं झाड दिसलं, पण उलटं. "दादा, उलटं का?" शिकवणारा मुलगा कॉलेजातला असेल. त्याने उत्तर दिलं नाही. म्हणाला, "भोक मोठं करून बघ." माझी ताई समजावून सांगायला पुढे झाली, तर त्याने हात जोडून तिला थांबवलं. भाचीने पेन्सिल खुपसली. झाड उजळ झालं, पण पुसट. मग तिने आपल्याच मनाने शेजारी दुसरं भोक पाडलं. पडद्यावर दोन झाडं! ती किंचाळलीच. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून झाडाच्या शेंड्याकडचा प्रकाश भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडचा वर चढतो, हे तिने नंतर आम्हाला जिन्यावर बसून बोटांनी करून दाखवलं.

यासाठी पैसे लागत नाहीत. त्या दादाला जे जमलं ते लागतं, म्हणजे गप्प बसणं.

आणि हे मी कुठल्या गावात बसून लिहितेय? पुण्यात! आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पु. लं.च्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं. सगळी कृती फुकट बघायला मिळते, मराठीतसुद्धा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर तर मुलं सही मागायला आली की त्यांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगायचे, सही उत्तरासोबत यायची. सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघायला गावोगावची शाळकरी मुलं येतात, स्वतः केलेले प्रयोग मांडतात. एवढं सगळं हाताशी असताना आम्ही पैसे भरून तयार नळी घरी आणतो.

मान्य आहे, हॉलला भाडं पडतं, मुलं खूप असतात, आणि पैसे मोजलेल्या पालकांना घरी न्यायला काहीतरी वस्तू हवी असते. आयोजकांची अडचण मला कळते. पटत मात्र नाही. लहान पोराच्या हातात कटर देऊ नये, हेही मान्य. पण कागदाची कात्री?

शाळांचं तर बोलायलाच नको. भाचीने त्या रात्री घरी एक चित्र काढलं होतं, आमचा वाडा उलटा. दोरीवरचे कपडे वरच्या दिशेने लोंबतायत, आजी डोक्यावर उभी राहून तांदूळ निवडतेय. असं सुंदर चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला नेलं तर बाईंनी सांगितलं, नीट सरळ काढून आण. एका मुलीने प्रकाश कसा चालतो ते रंगवून आणलं होतं आणि ते ओळखायला त्या वर्गात कोणी नव्हतं! अजून आठवलं की संताप होतो. विज्ञानाचा तास वेगळा, चित्रकलेचा वेगळा, आणि मूल मात्र एकच असतं ना?

भाची पुढे शास्त्रज्ञ वगैरे झाली नाही, सीए करतेय. मग काय उपयोग झाला, असं आमच्याच घरात विचारून झालंय. उपयोग हा की झाडाखालचे कवडसे गोल का असतात, पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात, हे तिचं तिला सुचलं. प्रत्येक फट म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. सूर्यग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. हे तिने मला सांगितलं. मी एवढी वर्षं संभाजी बागेत फिरायला जाते, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता थोडी शांत झालेय. त्या बाबांचाही राग राग करत नाही. रविवारची सुट्टी मुलीसाठी काढून आले होते, एवढं किती जण करतात? बहुतेक त्यांच्या लहानपणी त्यांच्या हातातूनही कोणीतरी कात्री काढून घेतली असेल.

तर ऐका. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिनहोल कॅमेरे करणार आहोत. फी नाही. वॉचमन काकांची मुलं येणार आहेत, आमच्या मावशींच्या दोघी नाती येणार आहेत, तुमचीही पाठवा. बुटांची खोकी, टाचण्या, बटर पेपर, चिकटपट्टी आणि एखादं जुनं काळं कापड द्या. खोकी जास्तीची द्या, बरीच फुकट जाणार आहेत. आईबाबांसाठी चहा दुसऱ्या मजल्यावर माझ्या घरी आहे. तासभर खाली यायचं नाही.