मेरानोतली शरदातली भटकंती आणि गरम पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

इटलीतल्या मेरानो गावातल्या भटकंतीवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कालव्याच्या काठाने सपाटीवर चालायचं आणि संध्याकाळी महागड्या हॉटेलातल्या गरम पाण्यात डुंबायचं, ही भटकंती नव्हे, पैसेवाल्यांचे चोचले आहेत. ऑक्टोबरमध्ये सह्याद्री हिरवागार असताना तिकडे जायचं कशाला? गरम पाणीच हवं तर पालीजवळ उन्हेऱ्याची कुंडं आहेत. शिवाय सौनातल्या, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोलीतल्या, कपड्यांबद्दल मी काहीच लिहिलं नाही, हीही तुमची तक्रार आहे. तुम्ही आयुष्यभर गड-किल्ले पालथे घातलेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

मेरानोत चालणं आणि पाणी यांची जोडी हॉटेलवाल्यांनी जमवलेली नाही. हे गाव इटलीच्या उत्तरेला, साउथ टिरोलमध्ये आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, म्हणून आजही तिथे जर्मन आणि इटालियन दोन्ही कानावर पडतात. १८७०च्या शरदात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ नाजूक प्रकृतीच्या धाकट्या मुलीला घेऊन तिथल्या ट्राउटमान्सडोर्फ किल्ल्यावर राहायला आली आणि गावाचं नाव युरोपभर झालं. इथवर ही श्रीमंतांचीच गोष्ट आहे, हे कबूल. पण पुढचं काम डॉक्टरांनी केलं. १८८०च्या दशकात म्युनिकचे डॉक्टर एर्टेल सांगू लागले की हृदयरोग्याला नुसतं झोपवून ठेवू नका, बेताबेताने वाढत जाणाऱ्या चढावर चालवा. मेरानोने हे मनावर घेतलं. तिथल्याच डॉक्टर फ्रान्झ तापाइनर यांनी पदरचे पैसे घालून गावाच्या वरच्या अंगाने डोंगरउतारावर सुमारे ४ किलोमीटरची वाट बांधवली. चढ इतका सौम्य की आजारी माणसालाही धाप लागू नये. ती वाट आजही सगळ्यांना फुकट खुली आहे.

ऋतूही त्याच काळात ठरला. शरदात द्राक्षं तयार झाली की रोगी ती औषध म्हणून खायला येत, म्हणून हंगाम शरदाचा. आज द्राक्षाने कुणी रोग बरा करत नाही, मीही तसं काही लिहिलेलं नाही. पण शरद निवडायला आजची कारणं पक्की आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये खालचं खोरं तापतं, वर डोंगरात दुपारी गडगडाटी पाऊस होतो. सप्टेंबरच्या मध्यापासून हवा स्थिरावते, आकाश स्वच्छ होतं, सफरचंदांची तोडणी चालू असते. ऑक्टोबरमध्ये उंचावरचे मुक्कामाचे निवारे एकेक करून बंद होतात आणि खालच्या वाटांचे दिवस येतात.

आता त्या 'सपाट कालव्यां'बद्दल. तिथे त्यांना वाल म्हणतात. मेरानोच्या पश्चिमेचं फिन्शगाउ खोरं आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या खोऱ्यांपैकी आहे, वर्षाला पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. तेव्हा वरच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने, अगदी थोडा उतार देत, मैलोन् मैल शेतांपर्यंत आणायचं. कुठे खडक फोडलेला, कुठे लाकडी पन्हळ टांगलेली. कालव्याची देखभाल करायला शेजारून जी पायवाट ठेवली, तीच आज चालणाऱ्यांची वाट झाली. आपल्या पाटकऱ्यासारखा तिथे वालर असे. त्याची घंटा तर मला फार आवडते. पाण्यावर फिरणारं छोटं चाक एका हातोडीने घंटा वाजवत राहतं. घंटा वाजतेय तोवर पाणी ठीक, थांबली की वर कुठेतरी पालापाचोळा अडकला किंवा बांध फुटला. मग वालर रात्रीबेरात्रीसुद्धा धावणार. मेरानोशेजारच्या मार्लिंग गावचा वाल १८व्या शतकात श्नाल्स खोऱ्यातल्या कार्थुशियन पंथाच्या ख्रिस्ती मठाने खणवला. सुमारे १२ किलोमीटरची त्याची वाट सफरचंदांच्या बागांतून, द्राक्षांच्या मांडवांखालून, चेस्टनटच्या झाडांमधून लाना गावाकडे जाते. ती सपाट आहे कारण पाणी चढ चढत नाही. अशी वाट आखायला आणि शतकानुशतकं राखायला जे कसब लागलं, त्याला मी कोणत्याही कड्याइतकाच मान देते.

आणि सपाट वाट कुणाला लागते? माझ्या आईला. तिचे गुडघे चढण सोसतात, उतार सोसत नाहीत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. तरुणपणी एक दिवस विश्रांती घेतली की भागतं, सत्तरीजवळ नाही. संध्याकाळी कोमट पाण्यात अर्धा तास घालवला की तिला सकाळी पुन्हा बूट घालावेसे वाटत. गरम पाण्याने गुडघा बरा होत नाही, आखडलेपण सुटतं. आईला तेवढं पुरलं आणि ती रोज चालली. तिचं हे चालणं चोचल्यांत मोजलेलं मला मान्य नाही.

खर्चाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. स्पा असलेली हॉटेलं महाग आहेत. पण तोच एक मार्ग नाही. शेतकऱ्यांच्या घरी राहता येतं, 'रोटर हान' नावाखाली अशी शेकडो घरं आहेत. गावातल्या सार्वजनिक थेर्मेत, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहात, काही तासांचं तिकीट काढून कुणीही पोहू शकतं. ती इमारत २००५ पासून सुरू आहे, आतली सजावट वास्तुरचनाकार मातेओ थून यांची आहे. बऱ्याच मुक्कामांवर मिळणाऱ्या गेस्ट पासवर बस आणि स्थानिक रेल्वे फुकट असते, म्हणून एका गावातून चालायला लागून दुसऱ्या गावातून बसने परतता येतं. शाकाहाऱ्यांनी श्लुट्सक्राप्फन मागावं, पालक आणि ताज्या चीजचं सारण असलेले पिठाचे अर्धचंद्र. शरदात शेतघरांवर नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट यांच्या पंगती बसतात, त्यांत डुकराचं मांस भरपूर असतं, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

उन्हेऱ्याबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. सकाळी सरसगड, दुपारी बल्लाळेश्वराचं दर्शन आणि मग उन्हेऱ्याच्या कुंडात अंग शेकणं, हा बेत कोणत्याही परदेशी सहलीच्या तोडीचा आहे. मला हवंय ते एवढंच, की कुंडाभोवती कपडे बदलायला, विशेषतः बायकांना, धड स्वच्छ जागा असावी आणि पालीहून गडाच्या पायथ्यापर्यंत जागोजागी खुणेच्या पाट्या असाव्यात. गुडघे दुखणाऱ्यांसाठीही डोंगराच्या कुशीतून एखादी सौम्य वाट असावी. ते झालं तर आईला घेऊन मी आधी तिथे जाईन.

सौनाचं उत्तर: तिकडे सौनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, खाली स्वतःचा टॉवेल अंथरून. पोहण्याच्या तलावाचा भाग वेगळा, तिथे पोहण्याचा पोशाख सक्तीचा. सौनात गेलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. काही हॉटेलांत पोशाख घालून बसायचा वेगळा सौना असतो किंवा बायकांसाठी राखीव वेळ असते, खोली घेतानाच विचारावं. आम्ही दोघी फक्त तलावात गेलो आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तुम्ही आणि काकू जायचं ठरवलंत तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर पाचच्या सुमारालाच अंधारू लागतं आणि १२ किलोमीटरच्या वाटेला सकाळी लवकर निघावं लागतं. नोव्हेंबरमध्ये बरीच हॉटेलं काही आठवडे बंदही असतात.