चतुराचे पंख आणि दोन रट्टे: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

लहान मुलं किडेमकोडे का छळतात या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सगळी वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या पाच वर्षांच्या नातवानं रत्नागिरीच्या घरी, अंगणात चतुर पकडून त्याचे पंख उपटले. तुम्ही त्याला दोन रट्टे दिलेत. माझ्यासारख्या बालवाडीच्या बाया असल्या क्रूरपणाला ‘कुतूहल’ म्हणून पांघरूण घालतात, आज चतुर, उद्या कुत्रं, परवा माणूस, असं तुम्ही म्हणता. जाता जाता चिमटाही काढलात, की कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) कालवण ओरपणाऱ्यांनी दया शिकवू नये.

पंख उपटणारा हात तिथल्या तिथे धरलाच पाहिजे, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. त्यात आपलं एकमत आहे. वाद आहे तो त्या हाताला क्रूर म्हणायचं का, एवढ्यापुरता.

क्रूर व्हायला समोरच्याला दुखतंय हे कळावं लागतं. मांजराचं शेपूट ओढलं की ते ओरडतं, बोचकारतं. तीन वर्षांच्या पोरालाही अर्थ लागतो. चतुर ओरडत नाही, तोंड वाकडं करत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आईला लागलंय हे मूल ज्या खुणांवरून ओळखतं, त्यातली एकही त्याच्यापाशी नाही.

आणि उपटलेलं परत येत नाही हे तरी त्या पोराला कुणी सांगितलंय? आपल्याकडच्या पोरानं पालीचं तुटलेलं शेपूट वळवळताना पाहिलेलं असतं आणि पुढे त्याच पालीला नवं, आखूड शेपूट आलेलंही. खेकड्याची मोडलेली नांगी कात टाकल्यावर पुन्हा येते, हे तर घरातले आजोबाच सांगतात. मग पंख का येऊ नयेत? (येत नाहीत. पंख फुटल्यानंतर चतुर पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे गेला तो गेलाच.) आमच्या बालवाडीत एका मुलीनं पंख तुटलेला चतुर जास्वंदीच्या पानावर ठेवला, त्याच्यापुढे भाताची शितं मांडली आणि घरी जाताना मला बजावून गेली, “बाई, त्याला उडून जाऊ देऊ नका हां, मी उद्या येतेय.” पंख तिनंच तोडले होते.

मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 3 ते 10 वर्षांच्या मुलांना मरणाबद्दल काय वाटतं ते विचारलं आणि 1948 साली ते प्रसिद्ध केलं. त्यातली सगळ्यात लहान मुलं मरण म्हणजे झोप किंवा कुठेतरी निघून जाणं, असं समजत होती. मेलेलं परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं, असं नंतरचे अभ्यास सांगतात. तुमचा नातू ऐन त्या वयात आहे.

पण सगळंच कुतूहल नसतं. हुकूम चालवायची हौसही असते. पावसाळ्यात पायरीवर वाणी किडे निघतात. पोर काडी लावतं, किडा चकलीसारखा गुंडाळून घेतो. पोर दम धरून बसतं, तो हळूच उलगडतो, की पुन्हा काडी. दिवसभर ‘तिकडे जाऊ नको, हात लावू नको’ ऐकणाऱ्याचं ऐकणारं या जगात एवढंच एक कुणीतरी आहे. मजा येणारच.

ही मजा काही आजकालच्या मानसशास्त्रानं शोधलेली नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं 1693 मध्ये लिहून ठेवलंय की पाखरं, फुलपाखरं हाती लागली की मुलं त्यांचे हाल करतात आणि त्यात त्यांना गंमत वाटते. याची सवय जडली तर मन निबर होईल, ही तुमचीच भीती त्यालाही होती. उपाय मात्र बघा. आपल्या ओळखीच्या एका आईचं त्यानं कौतुक केलंय. मुलींनी कुत्रा, खार, पाखरू काहीही मागितलं तर ती आणून द्यायची, पण त्याचं सगळं मुलींनीच बघायचं. हयगय झाली तर तो मोठा अपराध, कित्येकदा प्राणी हातचा जायचा. रट्टे खाऊन मूल ‘आजोबा अंगणात असले की परसात जायचं’ एवढं पक्कं शिकतं.

उद्या कुत्रं, परवा माणूस, याचं मूळ बरंचसं मॅकडोनल्ड या मानसोपचारतज्ज्ञाच्या 1963 च्या लेखात आहे. जिवे मारण्याच्या धमक्या देणाऱ्या रुग्णांच्या बालपणात त्याला प्राण्यांचा छळ, आगी लावणं आणि अंथरूण ओलं करणं ही तीन लक्षणं दिसली. पण त्यावरून भविष्य वर्तवता येतं, हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. अंथरूण ओलं करणारी पोरं तर घरोघरी आहेत! म्हणून डोळेझाक करा असं मुळीच नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल, लपूनछपून, पुन्हा पुन्हा, तेही मांजराच्या पिल्लासारख्या ओरडणाऱ्या जिवाला छळत असेल, तर ते प्रकरण वेगळं. तिथे डॉक्टर गाठावा, आणि त्या मुलाला घरात कोण मारतंय तेही पाहावं.

आता कुर्ल्या. चिमटा बसला, कारण मुलं मागीलदारी उभी राहून जिवंत कुर्लीच्या नांग्या मोडताना बघतात आणि तासाभरानं आपण त्यांना मुंगी चिरडू नको म्हणतो. बेलफास्टचे प्राणी-संशोधक रॉबर्ट एलवुड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे हलके झटके दिले, तेव्हा काही शंख सोडून बाहेर आले. शंख आवडीच्या जातीचा असला की मात्र सहजासहजी सोडत नव्हते. म्हणजे अंग नुसतं आपोआप झटकलं जात नव्हतं, काहीतरी तोलमोल चालू होतं. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्यानं खेकड्यांना संवेदना असणाऱ्या प्राण्यांत धरलंय. मी कुर्ल्या खाते, सोडणार नाही. आधी बर्फात ठेवून गार पडू देते, मग मोडते. “बाई, तिला दुखतं?” असं कुणी विचारलं तर “हो, दुखत असणार, म्हणूनच बर्फात ठेवली” असं सांगते. “छे, तिला काही कळत नाही” हे उत्तर मला चतुराच्या पंखांपेक्षा जास्त खटकतं.

नातवाला पुन्हा चतुर धरायचा झाला तर धरू दे. पंख मिटवून दोन बोटांत अलगद कसा धरायचा, ते तुम्हीच दाखवा, डोळे बघू दे, मग त्याच्याच हातानं सोडायला लावा. त्याच्या शेपटीसारख्या पोटाला दोरा बांधून उडवणं नको. चतुराची श्वासाची छिद्रं पोटाच्या बाजूंनाही असतात, दोऱ्यानं ती आवळली जातात. मार्च-एप्रिलमध्ये येणार असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळासच्या किनाऱ्यावर न्या. तिथे पूर्वी कासवांची अंडी उकरून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. बोटभर पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा कुणीही हात लावायचा नसतो, दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, तेव्हा आदल्या दिवशी गावात फोन करून मगच गाडी काढा. मुक्कामाची सोय गावातल्या घरांत होते.