भिंतीच्या कोपऱ्यात त्यांचीही नावं हवीत
'पुलाखालच्या भिंती रंगवून बेघर मुलांचं काय भलं होणार?' असं बेघर मुलांकडून भिंती रंगवून घेण्यावरच्या लेखात विचारलंय, म्हणून लिहितेय. छप्पर मिळत नाही, हे खरंच. पण बंगळूरचा अरवाणी आर्ट प्रोजेक्ट बघा. पूर्णिमा सुकुमार यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. ज्यांच्याकडे बघून लोक गाडीची काच वर करतात, त्या तृतीयपंथी मैत्रिणी तिथे परांचीवर चढून भररस्त्यात भिंती रंगवतात. २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या जागतिक कलाप्रदर्शनातही त्यांचं भित्तिचित्र होतं.

आमच्या स्टेशनाबाहेर असंच काम चाललं होतं. सतरा-अठराचा पोरगा, कोपरापर्यंत निळा रंग. एरवी त्याला हाकलणारा चहावाला मान वर करून विचारत होता, "अरे, त्या पक्ष्याचा डोळा कधी काढणार?" पोराचा चेहरा अजून आठवतो.

माझं म्हणणं एवढंच, की या पोरांना नुसता वडापाव देऊन राबवू नका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 'कलर मी बॅक' उपक्रमात बेघरांना रंगकामाची मजुरी त्याच दिवशी हातात मिळते. आपल्या महापालिका रंगरंगोटीची कंत्राटं काढतातच ना? त्यातच या मुलांची रोजची मजुरी लिहून टाका, आणि चित्राच्या कोपऱ्यात नगरसेवकाऐवजी त्यांची नावं.