आतून लागणारी कडी

दारव्हा तालुक्यात आमच्या गावाकडच्या वृद्धाश्रमाची नवी इमारत व्हायची आहे. दोन मोठे हॉल काढायचे की लहान खोल्या, यावर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस जुंपली आहे. "खोल्या करून म्हाताऱ्यांना कोंडता का? हॉलमध्ये सोबत असते," असं म्हणणारे जास्त. मी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या एका केअर होममध्ये नऊ वर्षं काम करते. ही सोबत मी रोज पाहते.

आमच्या जुन्या इमारतीत चार खाटांच्या खोल्या आहेत, मध्ये छताला टांगलेले पडदे. पडदा ओढून मी एकीचं डायपर बदलायला घेतलं की शेजारची रेडिओचा आवाज वाढवते. का वाढवते ते दोघींनाही माहीत असतं. ऑन्टारियोत 1999 नंतरच्या बांधकामाला एका खोलीत दोघांचीच मर्यादा आली, जुन्या इमारती मात्र तशाच राहिल्या. करोनात तिथली दाटी भोवली: गर्दीच्या होम्समध्ये लागण आणि मृत्यू साधारण दुप्पट निघाले. मग जून 2020 मध्ये तीन-चार खाटांच्या खोलीत आधीच दोघं असतील तर नवा माणूस घेणं बंद झालं. स्वतंत्र खोलीला आजही महिन्याला जास्त पैसे पडतात, म्हणजे लाज झाकायचाही दर ठरलेला. तेव्हा कॅनडाचं सगळं सोन्याचं, असं मी सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात आश्रमात गेले होते. एका हॉलमध्ये चौदा लोखंडी खाटा, खाली पेट्या. एका आजीनं दोन खाटांमध्ये दोरी बांधून जुनं लुगडं टाकलं होतं, कपडे बदलायला. मी असतानाच व्यवस्थापकानं ते काढायला लावलं. हवा अडते म्हणे. आजी लुगड्याची घडी करत मला म्हणाली, "मले खोली नको माय, आतून कडी लागली म्हणजे झालं."

हवा अडते हे मात्र खोटं नाही, आणि मलाही तिथेच अडायला होतं. मे महिन्यात पारा 45 वर जातो. हॉलला दोन मोठे कूलर पुरतात. बारा खोल्यांचे बारा कूलर रोज भरायचे कोणी? शिवाय रात्री कोणी पडलं तर हॉलमध्ये शेजारचा ओरडतो, खोलीत सकाळी कळतं. आमच्या केअर होममध्ये खाटेजवळ घंटी असते, तरी रात्री धावायला माणसं कमीच.

पण आपल्याकडे सोबत निजायच्या जागी कधी होती? ती छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत होती. बाया तिथेच शेंगा सोलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायच्या, आणि निजायला आपापल्या घरात जायच्या. म्हणून दोघांना एक खोली, नवरा-बायकोला त्यांची वेगळी, आणि सगळी दारं एका लांब छपरीत उघडणारी, असं मी ग्रुपवर लिहिलं. दोन खोल्यांच्या भिंतीत वर जाळी ठेवली तर एका कूलरवर दोन्हींचं भागेल. कडी आतून लागावी, पण अडीअडचणीला बाहेरून उघडता यावी. इथे कॅनडात आमच्या होमची दारं तशीच आहेत.

एका मामांनी लगेच लिहिलं, "कॅनडात बसून सांगणं सोपं आहे, बाई." आहेच. सगळ्या दारांचे आणि कड्यांचे पैसे मी देते असं कळवलंय. नकाशा अजून हॉलचाच आहे.