नमुना क्रमांक सात

आई बत्तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात बायकोच्या मैत्रिणीने बायकोला वाढदिवसाला एक साबण दिला. सुतळीने बांधलेला, वर गुलाबाची एक वाळकी पाकळी चिकटवलेली, आणि घाईत काढायची राहिलेली किमतीची चिठ्ठी: साडेचारशे रुपये. आम्ही सगळ्यांनी तो आळीपाळीने हुंगला. आईने मात्र चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"खोबरेल, एरंडेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड, गुलाब," तिने हजेरी घ्यावी तशी नावं वाचली. "आणि पुढे लिहिलंय 'शंभर टक्के वनस्पतिजन्य, केमिकल फ्री'. सोडियम हायड्रॉक्साइड कुठल्या झाडाला लागतं?"

कुणीच उत्तर दिलं नाही. उत्तर न देणाऱ्या वर्गाची आईला सवय आहे. दुसऱ्या दिवशी तिने दोनशे पानी वही आणली, पानापानावर हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने आखले, आणि आमच्या डोंबिवलीच्या साडेपाचशे चौरस फुटांत प्रयोगशाळा सुरू झाली. 'साहित्य' हा रकाना माझ्याकडे आला. 'निरीक्षण' हा रकाना माझ्या अंगावर येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

काष्ठौषधीच्या दुकानात मी याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हातात आईच्या सुवाच्य अक्षरातली यादी होती, त्यामुळे मला वाटलं, कागद पुढे करायचा आणि पिशवी घ्यायची. पण दुकानदार कागद बघेचना. "बोला," म्हणाला.

"कचोरा."

"साधा की कपूरकाचरी?"

"उटण्याचा."

"उटण्यात दोन्ही घालतात."

"मग दोन्ही. आणि हळद."

"आंबेहळद, कस्तुरी हळद की आपली घरातली?"

मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "वास घेऊन बघ. कैरीसारखा आला तर आंबेहळद." मी वास घेतला. आधी हुंगलेला कपूरकाचरीचा कापूर नाकात इतका घट्ट बसला होता की मला दुकानदाराच्या काट्यालाही कापराचाच वास येत होता. मागे रांग वाढत चालली. पुढे नागरमोथा अख्खा की पूड, वाळ्याच्या मुळ्या की भुकटी, मंजिष्ठा, अनंतमूळ, रिठे, बिया काढलेले की बियांसकट... शेवटी दुकानदाराने हात थांबवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात कुणाला काय झालंय?"

"आई निवृत्त झालीय."

त्याने ओळखीचा आजार असल्यासारखी मान डोलावली आणि न सांगता पन्नास ग्रॅम ज्येष्ठमध जास्तीचा बांधला.

माझ्या मागे एक आजी होत्या. "कशाला रे एवढं सगळं?" "चेहऱ्याला लावायला," मी म्हणालो. त्यांनी माझा चेहरा नीट निरखला आणि म्हणाल्या, "मग पाव किलोने काय होणार?"

घरी आल्यावर आईने नागरमोथा उजेडात धरला. "हा लव्हाळ्याचा चुलतभाऊ. तुझे काका शेतात जो उपटून उपटून कंबर धरून बसतात, तो. आणि तू तोलून, पैसे मोजून आणलास." यादी तिनेच केली होती, हे मी बोललो नाही. बाईंना वर्गात उलट बोलायचं नसतं.

साबणाच्या बाबतीत आईचं म्हणणं स्पष्ट होतं. तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे तेच ते सोडियम हायड्रॉक्साइड, यांचं लग्न लागल्याशिवाय साबण होत नाही, कुणी डब्यावर काहीही लिहो. फक्त प्रत्येक तेलाची भूक वेगळी. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, एरंडेलाला १२८ च्या आसपास. सोडा जास्त झाला तर साबण अंग सोलतो, म्हणून हिशेबापेक्षा थोडा कमीच घालायचा, म्हणजे चिमूटभर तेल अंगासाठी उरतं. आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हे वाक्य तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पहिला रविवार. माझ्या हातात रबरी मोजे, डोळ्यांवर लेकीचा पोहण्याचा गुलाबी चष्मा. आई टेबलाशी तेलं मोजत होती. "स्टीलचं पातेलं घे, त्यात पाणी घे आणि सोडा हळूहळू सोड," तिने पाठमोरीच सांगितलं. मी एक चकचकीत पातेलं घेतलं. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी इतक्या मनापासून घासतात की मला सगळीच भांडी स्टीलची वाटतात. हे होतं बायकोच्या रुखवतातलं अ‍ॅल्युमिनियमचं टोप.

सोडा पाण्यात पडला आणि टोप जिवंत झालं. फसफस, वाफ, बुडबुडे, आतून काळपट फेस. आई वळली, क्षणभर तिचा रंग उडाला. "मागे हो! खिडकी उघड! गॅसच्या शेगडीला कुणी हात लावू नका!" आम्ही दाराशी सरकलो. मग धोका टळला असं दिसल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला की तो मी तिच्या निरोपसमारंभातही पाहिला नव्हता.

"हायड्रोजन! बघ रे, हायड्रोजन! बत्तीस वर्षं मी हे समीकरण फळ्यावर लिहीत आले, पण शाळेने कधी करून दाखवू दिलं नाही."

नेमकी तेव्हाच बेल वाजली. मी दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती घेऊन उभे होते. त्यांनी गुलाबी चष्मा पाहिला, कोपरापर्यंतचे मोजे पाहिले, मागे धुरात टाळ्या वाजवणारी आई पाहिली, आणि पावती पायपुसण्यावर ठेवून एक पाऊलही न चुकता उलट्या पावली जिना उतरले.

रात्री मी वही चोरून वाचली. 'नमुना क्र. १. निरीक्षण: टोप गेले. अनुमान: थोरल्याचे दहावीचे विज्ञान माझ्याच वर्गात झाले होते. शिक्षिकेने आत्मपरीक्षण करावे.'

पुढचे नमुने सुरळीत पार पडले, म्हणजे निदान भांडी वाचली. रंगांनी मात्र आम्हाला दगा दिला. बीट घातलं, मिश्रण इतकं सुंदर गुलाबी झालं की बायकोने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. सकाळी वडी उघडली तर गुळाच्या ढेपेचा रंग. जास्वंदीने तोच अनुभव दिला. कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवा महिनाभरात खाकी होऊन पोलिसांत भरती झाला. रतनजोत तेलात लाल होतं, साबणात जांभळं झालं. एकट्या मंजिष्ठेने शब्द पाळला: जो गुलाबी दाखवला तो टिकवला. आई म्हणायची, "वर्गातही असंच असतं. पहिल्या दिवशी चमकणारी पोरं वार्षिक परीक्षेपर्यंत टिकत नाहीत."

शिवाय ओला साबण लगेच वापरायचा नाही. चार ते सहा आठवडे मुरू द्यायचा, म्हणजे पाणी उडतं, वडी घट्ट होते, अंगाला मवाळ लागते. आमचा जुलै होता. डोंबिवलीत जुलैमध्ये पापडसुद्धा वाळत नाहीत, तिथे साबण काय वाळणार? पुस्तकांच्या कपाटात बावन्न वड्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या कपाळावर घाम. "घाम नाही तो," आई म्हणाली, "आतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतंय." कारण कळलं म्हणून काम सुटत नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी मी बावन्न वड्यांची कूस बदलत असे. माझ्या लेकीला तान्हेपणी मी इतक्या वेळा कुशीवर वळवलं नव्हतं, हे बायकोने नोंदवून ठेवलं आहे.

कडुनिंबाच्या तेलाचा नमुना क्रमांक चार मी वापरायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं. माझ्या पाठीवर घामोळं होतं, हाच माझा गुन्हा. या तेलाला लसणाचा, जळक्या शेंगदाण्याचा आणि आणखी कसलासा एक वास असतो, ज्याला मराठीत अजून शब्द नाही. तो लावून मी सकाळची जलद लोकल पकडली. ठाण्यापर्यंत माझ्याभोवती चक्क हवा खेळत होती. मुलुंडला खिडकीजवळच्या गृहस्थांनी स्वतःहून उठून मला जागा दिली आणि ते दारात जाऊन लटकले. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी बसून दादरला गेलो. घरी येऊन आईला म्हटलं, "चार नंबर बंद करू नकोस." घामोळ्याचं काय झालं, ते आईने विचारलं तेव्हा मला आठवलं.

दिवाळीचं उटणं ही स्वतंत्र कहाणी आहे. दुकानातला तो सगळा ऐवज, वर संत्र्याची वाळवलेली सालं, मसूरडाळीचं पीठ, मुलतानी माती, हळद. नरक चतुर्दशीला पाहुण्यांसकट सात जणांनी ते पहाटे अंगाला चोळलं. सातव्या माणसाच्या घोट्यापर्यंत पाणी आलं, आठव्याची अंघोळच झाली नाही. मोरीची जाळी काढून प्लंबरने आतून ओंजळीने जे बाहेर काढलं, ते बघून तो म्हणाला, "साहेब, इथे काही पेरलंय का?"

तो जातो न जातो तोच सासूबाई टॉवेल घेऊन आल्या. त्यांचा पांढरा टॉवेल उटण्याने पिवळा झाला होता, म्हणून त्यांनी साबण लावला, तर तो लालभडक झाला. त्यांना वाटलं जावयाला दाढी करताना मोठं लागलं. आईने टॉवेल हातात घेतला, आणि मी ओळखलं की आता तास सुरू होणार.

"विहीणबाई, हळद हा दर्शक आहे! आम्लारीत लाल, आम्लात पिवळी. साबण आम्लारीधर्मी." तिने अर्धं लिंबू टॉवेलवर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. सासूबाईंनी हात जोडले. टॉवेल मात्र आजतागायत पांढरा झालेला नाही.

तोपर्यंत सोसायटीत बातमी फिरली होती आणि विचारणा व्हायला लागली. बायकोच्या डोळ्यांसमोर साडेचारशे रुपये नाचू लागले. "आई, आपण विकू या ना. मी छान लेबल करते, 'केमिकल फ्री'."

"पाणी काय आहे?" आईने विचारलं.

"पाणी."

"पाणी हे रसायनच आहे. नैसर्गिक म्हणजे सोज्वळ हे कुणी सांगितलं तुला? बिब्बा नैसर्गिकच आहे, लाव बरं गालाला. खाजकुयली नैसर्गिक आहे. कोरफडीच्या पानातला पिवळा चीक तसाच ठेवला तर ती साध्वीसुद्धा खाजवायला लावते." शिवाय सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर परवाना लागतो, १९४० सालचा कायदा आहे, हेही तिने सांगितलं. बत्तीस वर्षं सरकारी अनुदानावर पगार घेतलेली बाई विनापरवाना साबण विकणार नाही. विषय संपला.

मग बायकोनेच तोड काढली: संक्रांतीला वाण म्हणून लुटू या. वाणाला कुठला आलाय परवाना? आईला हे पटलं. तेवढ्यात वेंगुर्ल्याच्या मावशीने मुठेल पाठवलं. कोकमाच्या बिया कुटून, उकळून, वर आलेलं तूप मुठीत वळून केलेले ते गोळे. लहानपणी भेगाळलेल्या टाचांना मावशी हे चोळायची आणि आम्ही रात्रभर गोधडीला चिकटायचो. खोबरेल, मुठेल आणि मंजिष्ठा मिळून नमुना क्रमांक सात तयार झाला. दिसायला फिकट गुलाबी, हाताला लोण्यासारखा, वासाला काहीच नाही. आईच्या मते तिची सर्वोत्तम निर्मिती.

फक्त तो जन्मला डिसेंबरच्या अखेरीस. संक्रांत काही सहा आठवडे थांबणार नव्हती. म्हणून आईने प्रत्येक पुडीत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी घातली: '१५ फेब्रुवारीनंतर वापरावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. घटक: खोबरेल, कोकम तेल, मंजिष्ठा, पाणी, कॉस्टिक सोडा (आता शिल्लक नाही).'

एकवीस जणींनी हसत वाण नेलं. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. 'कॉस्टिक सोडा' एवढाच शब्द सगळ्यांनी वाचला होता, कंस कुणी वाचलाच नव्हता. पेपर तपासताना आईला हाच अनुभव यायचा म्हणे.

परवा, म्हणजे यंदाच्या संक्रांतीला, बायको सेक्रेटरींच्या घरून हळदीकुंकू करून आली. वाण म्हणून चकचकीत सोनेरी कागदात बांधलेला साबण, वर सॅटिनची फीत. आईने चष्मा लावला, कागद सोडला. आत दुसरा कागद, साधा, आमच्या घरचा. त्यात चिठ्ठी, जशीच्या तशी.

बायकोने कपाळावर हात मारला. मला सेक्रेटरींचं त्या रविवारचं तोंड आठवलं. आई मात्र वडी नाकाशी नेऊन, उजेडात फिरवून, नखाने टोकरून बघत होती. वर्षभरात ती टणक झाली होती, घामाचा थेंब नव्हता, गुलाबी तस्साच.

"साडेबारा महिने," ती पुटपुटली. "कुणी हातसुद्धा लावलेला नाही. इतका मुरलेला नमुना मला मिळालाच नसता रे." ती उठली, कपाटातून वही काढली, सात नंबरचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शर्ट काढ."