स्वतःच्या मालकीचे गुऱ्हाळघर पेटवू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

करवीर तालुक्यात बंद पडलेल्या गुऱ्हाळघरांना तोटा नाही. ती रीतसर उतरवून घ्यायची म्हटली तर मजूर लागतात आणि मजुरांना पैसे लागतात. काडेपेटी त्या मानाने स्वस्त पडते. ज्या सुज्ञ मालकांनी हा स्वस्त मार्ग पत्करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी गेल्या महिन्यात शेजारच्या रानात झालेल्या प्रात्यक्षिकाच्या आधारे पुढील सूचना सादर करीत आहे.

प्रथम सातबारा काढून त्यावरील स्वतःचे नाव डोळे भरून पाहावे. जागा आपली, भिंती आपल्या, तेव्हा आग लावण्याचा हक्कही आपलाच, हे एकदा मनावर ठसले की पुढचे सारे सोपे जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम 287 आगीच्या बाबतीत निष्काळजीपणे वागून दुसऱ्याला धोका उत्पन्न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते आणि आग लावणाऱ्याच्या नावावर किती गुंठे आहेत याची चौकशी करीत नाही. परंतु असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरू नये.

परवानगी घ्यावी असे वाटलेच, तर तलाठ्यांकडे जावे. ते ग्रामपंचायतीकडे पाठवतील, ग्रामपंचायत पोलीस ठाण्याकडे आणि पोलीस ठाणे अग्निशमन दलाकडे पाठवील, आणि तोवर मृगाचा पाऊस पडलेला असेल.

आतले काहीही बाहेर काढू नये. चुलवाणाशेजारची जुनी चिपाडे, खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्या, वायरी, फुटके पाइप, सगळे एकदमच जाऊ द्यावे. छपराचे सिमेंटी पत्रे तापले की फटाक्यासारखे फुटतात, त्यामुळे बघ्यांची करमणूक होते. त्यांत अॅस्बेस्टॉस असते, ही तक्रार ज्यांना फुप्फुसे आहेत त्यांनी करावी. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई घ्यावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली सांगितले आहे. लवाद दिल्लीत आहे, आपण कोल्हापुरात आहोत.

पाण्याचा टँकर बोलावू नये, भाडे पडते.

मुहूर्त मात्र नीट पाहावा. उन्हाळ्याची दुपार, सुटलेला वारा आणि बांधापलीकडे तोडणीला आलेला, पाचटाने गच्च भरलेला शेजाऱ्याच्या उसाचा फड असा योग साधावा. भोवतालचे गवत काढून मोकळा पट्टा ठेवण्याची किंवा शेजाऱ्याला आदल्या दिवशी एक फोन करण्याची गरज नाही, कारण फोन केला तर तो मोटर चालू करून बांधाकडची सरी भिजवून ठेवील आणि मग ठिणगी पडूनही काही पेटणार नाही. फड पेटल्यावर, "ऊस काय, नाहीतरी तोडायचाच होता," असे त्याला समजावून सांगावे. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, तोडणीची टोळी लगेच आली नाही तर ऊस रोज वजनाला आणि साखरेला उतरत जातो, उसाचे वाडे म्हणजे हिरवे शेंडे जळाल्यामुळे गोठ्यातल्या म्हशींना चारा विकत आणावा लागतो, ठिबकच्या नळ्या वितळून ढेकळांना चिकटतात आणि त्या खुरप्याने खरवडून काढाव्या लागतात, हे सगळे त्याचे बघून घेणे आहे. शिवाय शेतमालाचे नुकसान होण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही आग लावली, असे सिद्ध झाले तर त्याच संहितेच्या कलम 326 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून "अंदाज आला नाही" हे वाक्य आधीच पाठ करून ठेवावे.

अंदाज आला नाही? अहो, उभी हयात शेतीत गेली तुमची! वारा कुठून वाहतो हे तुम्हाला कळत नाही? सातबारा तुमच्या नावावर आहे, धूर आणि ठिणग्या ज्या रानात जातात त्याचा नाही. चार मजूर लावून वासे उतरवले असते, पत्रे बाजूला ठेवले असते, तर लाकडाचे दोन पैसे तुम्हालाच मिळाले असते. तेवढाही धीर नव्हता. आता नळ्यांचे पैसे आणि कारखान्याने कापलेली रक्कम मुकाट्याने भरून द्या, आणि पंचनाम्याला बोलावले की तालुक्याला गेलो म्हणून निरोप धाडू नका. या आणि सही करा.